डीजेआय मिनी २ समुद्रावर: देवगडच्या किनाऱ्यावरचा अनुभव

समुद्रावर उडवायला डीजेआय मिनी २ घेऊ का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, सकाळी उडवणार की संध्याकाळी? कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती चालते, हे सगळं नंतर. आपल्या किनाऱ्यावर या ड्रोनला सांभाळून घेणारा किंवा बुडवणारा पहिला हात वाऱ्याचा, आणि तो वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो.

देवगड तालुक्यात मिठबावजवळ आमचं घरगुती निवास आहे. २०२१ मध्ये मी हा ड्रोन घेतला तो पाहुण्यांना किनारा दाखवण्यासाठी. पुढे शेजारच्या निवासांचं, होड्यांचं, रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचं, चित्रण करू लागले. बहुतेक उड्डाणं मिठबाव, तांबळडेग, कुणकेश्वर आणि देवगडच्या खाडीवर झाली आहेत. म्हणून हे परीक्षण फक्त पाण्यावरच्या उड्डाणाचं आहे. डोंगरात किंवा लग्नाच्या मांडवात तो कसा चालतो, ते सांगणारे पुष्कळ आहेत.

आधी यंत्राविषयी थोडं. मिनी २ नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला. वजन २४९ ग्रॅमच्या आत, म्हणजे आपल्या ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ‘नॅनो’ वर्गात. ४के चित्रण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत होतं, कॅमेऱ्याला तीन अक्षांचा गिंबल, म्हणजे त्याला हलू न देणारा आधार, आहे. कंपनी उड्डाणाचा कमाल वेळ ३१ मिनिटं सांगते, तो वारा नसताना. कंपनीच्याच कागदानुसार सेकंदाला साडेआठ ते साडेदहा मीटर वाऱ्यात तो तग धरतो. साडेदहा मीटर म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर. नेहमीच्या मोडमध्ये त्याचा वेग सेकंदाला १० मीटर, स्पोर्ट मोडमध्ये १६ मीटर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता वारा. शाळेत आपण सगळे शिकलो की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे जातात. परीक्षेपुरता पाठ केलेला तो धडा ड्रोन हातात आला की रोज उपयोगी पडतो. मतलई पहाटे संपत नाही. थंडीच्या दिवसांत तो उन्हं चांगली वर येईपर्यंत वाहत असतो. नेमकी तीच वेळ चित्रणाला सगळ्यात सुंदर असते. सूर्य पाठीमागे सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, वर येतो, पाणी हिरवं-निळं दिसतं, किनाऱ्यालगत लाट जवळजवळ नसते. वाळूत उभं राहिलं तर अंगाला वारा लागत नाही, कारण मागे सुरूचं बन आणि माड आहेत, त्यांच्यामागे सडा आहे. आपण त्यांच्या आडोशाला असतो. ड्रोन चाळीस मीटर वर गेला की तो आडोसा संपतो आणि पाठीमागून येणारा वारा त्याला आत, खोल समुद्राकडे ढकलू लागतो.

जाताना काही कळत नाही. ड्रोन झरझर जातो, बॅटरी कमी खर्च होते, पडद्यावर सगळं छान दिसतं. परत फिरवला की खरी गोष्ट कळते. एक किलोमीटर जायला सेकंदाला १० मीटरने १०० सेकंद लागले. परतीला समोरच्या वाऱ्यामुळे प्रत्यक्ष वेग ४ मीटरवर आला, तर तेच अंतर कापायला २५० सेकंद, आणि तेही मोटरी जोर लावत असताना. आमच्या भागात समुद्राला गेलेल्या ड्रोनच्या ज्या हकिगती मी ऐकल्या, त्यांत हीच जास्त: सकाळची वेळ, शांत पाणी, बाहेर जाणारा वारा, आणि आपोआप परत येईल या भरवशावर उशिरा दाबलेलं बटण.

माझे चुलतसासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, आयुष्यभर मासेमारी करत आले. मी ड्रोनची पेटी घेऊन निघाले की ते आधी पाण्याकडे बघतात. एकदा किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं होतं आणि थोडं पुढे गर्द रंगाचा खरखरीत पट्टा दिसत होता. ते म्हणाले, “वारो भायर लागलो हा. आता सोडू नको.” तो गर्द पट्टा म्हणजे पाण्यावर उठलेल्या बारीक लहरी. आडोसा कुठे संपतो आणि वारा कुठे सुरू होतो, ते त्या रेषेवरून कळतं. हवामानाच्या कुठल्याही ॲपपेक्षा मी त्या रेषेवर जास्त विश्वास ठेवते. ॲप सबंध तालुक्याचा वारा सांगतं, ही रेष मला माझ्या समोरच्या पाण्यावरचा दाखवते.

ड्रोन स्वतःही वारा सांगतो, फक्त विचारावं लागतं. मी चाळीस मीटरवर नेऊन कंट्रोलरच्या दोन्ही काड्या सोडते आणि तो कुठल्या बाजूला कलून उभा राहतोय ते पाहते. जागा सोडत नाही पण कललेला राहतो, म्हणजे तिकडून वारा आहे. मग किनाऱ्याला समांतर नाही, तर सरळ पाण्याकडे थोडं अंतर जाऊन नेहमीच्या मोडमध्ये काडी पूर्ण दाबून परत आणते. परतीचा वेग १० च्या आसपास राहिला तर ठीक. तो लक्षात येण्याइतका खाली आला, तर त्या दिवशी मी पाण्यावर जातच नाही, किनाऱ्यावरून कॅमेरा तिरका करून जे मिळेल ते घेते. दुपारनंतर खारा वारा सुरू झाला की हिशेब उलटतो. तेव्हा जाताना ड्रोनला झगडावं लागतं आणि येताना वारा त्याला घरी आणून सोडतो. वारा जोरात असला तरी मला दुपारचं उड्डाण जास्त निर्धोक वाटतं, कारण कमी पडलाच तर ड्रोन जाताना कमी पडतो, येताना नाही. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत, त्यामुळे एप्रिल-मेच्या काही दुपारी वारा या ड्रोनच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. त्या दिवशी पेटी उघडायची नाही.

आता आपोआप परत येण्याच्या सोयीविषयी, म्हणजे आरटीएच. मिनी २ मध्ये ती चांगली चालते, बटण दाबलं की ठरवलेल्या उंचीवर जातो आणि उडालेल्या जागी येऊन उतरतो. पण त्यात तो नेहमीच्या मोडच्या वेगानेच येतो. समोरून वारा असेल तर रेंगाळतो. अशा वेळी आरटीएच रद्द करून, पाण्यावर अडथळा नसतोच, तेव्हा उंची कमी करून, स्पोर्ट मोडवर हाताने आणणं हा खरा उपाय. खाली वारा कमी असतो. हे घरामागच्या मोकळ्या कातळावर आधी करून पाहावं, म्हणजे समुद्रावर बोटं अडखळत नाहीत. आरटीएचची उंची मी ४० मीटर ठेवते, कारण किनाऱ्यावरचे माड पंचवीस मीटरपर्यंत जातात आणि या मॉडेलला पुढे किंवा बाजूला अडथळा ओळखणारे सेन्सर नाहीत. बॅटरी फारच खाली गेली तर ड्रोन जिथे असेल तिथेच उतरायला लागतो. ते उतरणं रद्द होत नाही, फक्त आडवं सरकवता येतं. जमिनीवर ही सोय आहे, पाण्यावर ती शिक्षा ठरते. त्यामुळे पाण्यावर माझी परत फिरण्याची वेळ निम्म्या बॅटरीला येते, समोर कितीही सुंदर दृश्य असलं तरी.

उंचीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे, कारण पाण्याला घासून जाणारे व्हिडिओ पाहून मुलं तसंच करायला जातात. मिनी २ च्या पोटाखाली सेन्सर आहेत. ते साधारण अर्धा ते दहा मीटर उंचीपर्यंत खालची जमीन बघून ड्रोनला जागेवर स्थिर ठेवतात. त्यांना स्पष्ट खुणा असलेला, न चमकणारा पृष्ठभाग लागतो, हे कंपनीच्या पुस्तिकेतच लिहिलं आहे. खाडीचं शांत पाणी आरशासारखं असतं, त्यात खूण सापडत नाही. समुद्रावर खूण सापडते, पण ती लाटेबरोबर सरकत असते, आणि ड्रोन कधी कधी तिच्यामागे सरकू लागतो. शिवाय पडद्यावर दिसणारी उंची हवेच्या दाबावरून काढलेली असते आणि ती उडालेल्या जागेपासून मोजलेली असते. वीस मिनिटांच्या उड्डाणात ती एक-दोन मीटरने सहज चुकते. पडद्यावर तीन मीटर दिसतंय आणि खाली उधाणाची लाट उठतेय, तर मधे काहीच उरत नाही. मिठबावच्या गजबादेवीच्या मंदिराजवळच्या उंचवट्यावरून उडवलं तर शून्य उंची म्हणजे तो उंचवटा, पाणी नव्हे, हेही विसरायचं नाही. मी पाण्यावर बारा-पंधरा मीटरच्या खाली येत नाही. तिथे खालच्या सेन्सरचा संबंध राहत नाही, जीपीएस आणि दाबमापक आपलं काम नीट करतात. दृश्यात काही कमी पडत नाही, कॅमेरा थोडा खाली वळवला की लाट पुरेशी जवळ दिसते.

उडवण्याची जागा हा पुढचा प्रश्न. जेटी सपाट दिसते म्हणून लोक तिथून उडवतात, पण तिच्या काँक्रीटमध्ये सळ्या असतात आणि त्याने ड्रोनचा कंपास बिघडतो. वाळूवरून थेट उडवायचं नाही, आणि आपल्याकडे तर मुळीच नाही. आपल्या कित्येक किनाऱ्यांवर पांढऱ्या वाळूत काळी चमचमणारी रेती असते, रत्नागिरीच्या काळबादेवीला तर ती भरपूर आहे. तिच्यात लोखंडाची खनिजं असतात, त्यातले मॅग्नेटाइटचे कण चुंबकाला चिकटतात. ड्रोनच्या मोटरीत शक्तिशाली चुंबक आहेत. पाती फिरली की उडालेली रेती मोटरीच्या फटीत जाऊन आत चिकटून बसते, फुंकर मारून निघत नाही. मी घडीचं लँडिंग पॅड वापरते आणि त्याच्या कडांवर दगड ठेवते. ओल्या वाळूवर पॅड टाकण्याआधी भरतीची वेळ बघते. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीचा साधारण तास निघतो, हा आपल्याकडचा जुना हिशेब अंदाजाला पुरतो. भरती चढत असेल तर वीस मिनिटांत पॅडची जागा पाण्याखाली जाऊ शकते, आणि आरटीएच मात्र इमानाने तिथेच उतरवेल.

होडीवरून उडवणं मी एकटीने करत नाही. डुलणाऱ्या होडीत सुरू करताना गिंबलला स्थिर व्हायला वेळ लागतो, इंजिनाजवळ कंपास कुरकुरतो, आणि होम पॉइंट, म्हणजे ड्रोन परत येण्याची ठरलेली जागा, उडाला तिथेच राहतो. होडी सरकते, होम पॉइंट सरकत नाही. आरटीएच दाबलं तर ड्रोन रिकाम्या पाण्यावर उतरेल. ॲपमध्ये होम पॉइंट नव्याने ठरवता येतो, तो दर काही मिनिटांनी ठरवत राहावा लागतो. उतरवताना एकाने कंट्रोलर सांभाळायचा, दुसऱ्याने हात पूर्ण वर करून खालून धरायचा, डोळ्यांना चष्मा लावून. हे नीट जमणारं माणूस सोबत नसेल तर किनाऱ्यावरूनच उडवा.

तरंगण्यासाठी फोमचे पाय मिळतात. मी ते घेऊ नयेत असंच सांगेन. त्यांनी वजन २५० ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे ड्रोन नॅनो वर्गातून मायक्रो वर्गात जातो. वाऱ्याला अडायला जागा वाढते, आणि काही पाय तर पोटाखालचे सेन्सरच झाकतात. या ड्रोनला पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही प्रमाणपत्र नाही. मोटरी उघड्या आहेत. तो तरंगला तरी खारं पाणी आत गेलेलं असतं.

पक्ष्यांचं तर मी हात जोडून सांगते. रापण ओढायला लागली की त्या जाळ्यावर घारी, कुरव, बगळे जमतात. तेव्हाच लोकांना वरून चित्रण हवं असतं. त्या गर्दीत ड्रोन घालू नका. ब्राह्मणी घार ड्रोनवर झडप घालते, आणि पात्यांनी तिचा पंख फाटला तर तो पक्षी वाचत नाही. मी रापणीचं चित्रण जाळं अजून पाण्यात दूर असताना करते, माणसं दोर धरून उभी असतात आणि पक्षी यायचे असतात तेव्हा. तेच दृश्य जास्त सुंदर असतं, अर्धवर्तुळात पसरलेले बुचांचे ठिपके आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा. आणि हो, आधी रापणकऱ्यांना विचारून. घार अंगावर आलीच तर ड्रोन पळवू नका, सरळ वर न्या. चढताना ती मागे पडते. समुद्रगरुडाचं घरटं असलेल्या झाडाच्या बाजूला मी जातच नाही. डॉल्फिन दिसले तरी खाली येत नाही, वरूनच पाहते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो, आणि गोंगाटाचा त्रास त्यालाही होतो.

नियमांचं थोडक्यात. नॅनो वर्गाला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून कुठेही उडवता येतं असं नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी आहे का ते बघायचं. हिरव्या झोनमध्ये उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्याच्या जवळचे भोगवे आणि देवबागचा संगम कितीही मोहात पाडत असले तरी आधी नकाशा उघडा. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग ही केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाची संरक्षित स्मारकं आहेत. जुलै २०२५ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीतही आली. तिथे त्या विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नको. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या यात्रेतल्या गर्दीवरून तर मुळीच नको, डोक्यावर पडलेले २४९ ग्रॅमही कमी नसतात.

चित्रांविषयी मी समाधानी आहे. सकाळी पाण्याचा रंग खरा येतो. भर दुपारी शटर सावकाश ठेवलं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावल्याशिवाय लाटेचा फेस पांढरा फटक होतो. सूर्यास्त समोर घेतला तर सावल्यांत दाणे दिसतात, कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरकडून त्याहून जास्त अपेक्षा नाही. एक सोय मात्र समुद्रावर फार मोलाची आहे. डीजेआय फ्लाय ॲपमध्ये चित्रण चालू असताना त्याची कमी दर्जाची प्रत मोबाईलमध्ये साठवण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवा. ड्रोन गेला तर मेमरी कार्डही जातं, मोबाईलमधलं राहतं.

खारी हवा हा सावकाश चालणारा शत्रू. प्रत्येक उड्डाणानंतर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने मी अंग आणि पाती पुसते, मग कोरड्या फडक्याने, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवते. मोटरीत तेल घालत नाही. पाती बारीक स्क्रूने बसवलेली आहेत, ती वाळूत बसून बदलू नयेत, घरी ताटात बदलावीत. जून ते सप्टेंबर ड्रोन डब्यातच असतो, बॅटऱ्या निम्म्या भरून. ड्रोन खाऱ्या पाण्यात पडून हाती लागलाच तर आधी बॅटरी काढा आणि ती घराबाहेर, पेट घेईल असं काही जवळ नाही अशा ठिकाणी ठेवा. लिथियमची बॅटरी खाऱ्या पाण्याने आतून शॉर्ट होऊन काही तासांनीही तापू शकते. ती पुन्हा चार्ज करायची नाही. ड्रोन मात्र लगेच गोड्या पाण्याने धुवा, मीठ वाळू दिलं तर दुरुस्तीला काही उरत नाही.

घ्यावा का, तर समुद्रावर शिकायला आणि घरगुती निवासाच्या चित्रणाला हा अजूनही पुरतो. रोज दूरवर, वाऱ्यात, व्यवसायाचं काम करायचं असेल तर तो हलका पडतो. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, त्यामुळे इथे आता तो बहुधा वापरलेलाच मिळेल. पैसे देण्याआधी नोंदणी क्रमांक विक्रेत्याच्या नावावर आहे का आणि तो तुमच्या नावावर करून मिळेल का, ते विचारा. मोटर हाताने सावकाश फिरवून पाहा, खरखर लागली तर आत रेती किंवा गंज आहे. बॅटरीच्या पितळी टोकांवर हिरवट डाग शोधा. बॅटऱ्या फुगलेल्या नकोत. आणि किनाऱ्यावरच्या माणसाकडून घेत असाल तर ॲपमधल्या उड्डाणांच्या नोंदी उघडून मागा. त्या दाखवायला तो तयार नसेल, तर दुसरा बघा.